आमच्या गल्लीचे कडक सोमवार

माझ्या सासूबाईंची भक्ती वाढली ती गव्हाचा भाव वाढल्यामुळे. हे आज मी लिहू शकते. त्या होत्या तेव्हा मनात नुसतं आणलं असतं तरी माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ते वाचलं असतं.

लढाईची वर्षं होती. लढाई फार लांब चालली होती, आणि आमच्या बुऱ्हाणपुरात ती आली ती किराण्याच्या दुकानातून. राजघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शेटजींचं दुकान होतं. दाराशी काळी पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर खडूनं धान्याचे भाव लिहिलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पाटी महिन्यातून एकदा पुसली जायची. मग ती आठवड्याला पुसली जाऊ लागली, मग रोज. शेवटी शेटजींनी पाटी आत नेली आणि भाव कानात सांगायला सुरुवात केली. "बाईजी, ही बाहेर बोलायची बात नाही," असं म्हणून ते गव्हाचा भाव अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणाच्या तरी घरची लाजिरवाणी गोष्ट कळली.

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब आले. शाळेच्या मैदानात मांडव पडला, गावातल्या पगड्या पुढच्या रांगेत बसल्या. साहेबांनी समजावून सांगितलं, की टंचाई मुळात नाहीच, लोक घाबरून साठा करतात म्हणून ती आहेशी वाटते. टंचाई नाही हे सांगायला आलेल्या मंडळींच्या चहासाठी शेटजींची साखर आदल्या दिवशीच उचलली गेली होती. त्यामुळे भाषण ऐकून घरी आलेल्या लोकांनी गुळाचा चहा प्यायला.

आमचं घर चार माणसांचं. सासरे, म्हणजे मामंजी, कचेरीतून निवृत्त झालेले, सासूबाई, शाळेत मास्तर असलेले माझे यजमान, आणि मी. पेन्शन आणि पगार, दोन्ही जागच्या जागी उभे. दरवर्षी चैत्रात गाडी करून वर्षाचा गहू घ्यायचा आणि शेणानं लिंपलेल्या कणगीत भरायचा, हा घरचा रिवाज. त्या चैत्रात कणगी निम्मीच भरली. पुढच्या होळीला नवा गहू येणार, तोवर हाच पुरवायचा होता. सासूबाई जाता-येता बोटांच्या पेरांनी कणगीवर टकटक करीत आणि आवाजावरून आत किती उरलंय ते ओळखत.

गहू संपला असता तर उपाशी राहिलो असतो असं नव्हे. मामंजींचे थोरले चुलतभाऊ बहादरपूरला राहत. केळी, कापूस, गहू, सगळं होतं. मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं, आणि अडचण नेमकी तीच होती. त्यांची गाडी घुंगरं वाजवत गल्लीत शिरणार, गाडीपुढं चालणारा माणूस घर ठाऊक असूनही प्रत्येक दारात "आमच्या मालकांच्या भावाचं घर कोणतं हो? गहू पोचवायचा आहे," असं विचारणार. एका वर्षी त्यांनी आंब्यांची टोपली पाठवली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आंब्यांना सहा वर्षं होऊन गेली होती, पण बहादरपूरच्या कुठल्याही पंगतीत त्यांचा उल्लेख अजून ताजा होता.

"होळीपर्यंत त्यांचे बैल आपल्या दारात दिसायला नकोत," सासूबाई म्हणाल्या. "माझं एवढंच मागणं आहे."

मामंजी म्हणाले, "मग कमी खा."

"मी खाते किती? जेवण तुमचं आहे."

हे खरं होतं. मामंजी उंचीनं बेताचे, आवाजानं मृदू आणि पानावर बसले की निराळेच पुरुष. चवथी पोळी ते नको म्हणत, पाचवी घेत.

त्याच वर्षी दुसरीकडे केळ्यांचं भलतंच झालं. आमच्या भागातली केळी वॅगनमधून उत्तरेला जायची. आता वॅगन मिळेनात. त्या फौजेच्या सामानाला लागत. चांदनी स्टेशनाकडून ताडपत्र्या ओढलेल्या आगगाड्या येत, बुऱ्हाणपूरला पाणी पीत आणि निघून जात. स्टेशनवर केळ्यांचे घड पडून काळे पडत. बाजारात बैलगाड्याच्या बैलगाड्या उभ्या, आणि शेतकरी म्हणत, "न्या हो, काय द्यायचं ते द्या, परत नाही न्यायची." बकऱ्यासुद्धा केळीच्या सालीकडे बघून तोंड फिरवीत.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सासूबाईंनी जाहीर केलं, की घरातल्या सगळ्यांनी सोळा सोमवार धरायचे.

"सगळ्यांनी?" मामंजींनी विचारलं.

"सगळ्यांनी. आणि कडक. दिवेलागणीला सोडायचा नाही. मंगळवारी सकाळी सोडायचा."

आमच्याकडे सोमवारचा उपास संध्याकाळी पूजा करून जेवून सोडतात. रात्रभर लांबवायचा हा कडकपणा त्यांनी कुठून आणला ते मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच, "माझ्या माहेरी असंच." त्यांच्या माहेरच्या माणसांना मी पुढं अनेकदा भेटले. सोमवारी संध्याकाळी ती सगळी पोटभर जेवत.

गुरुजी पूजा सांगायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काकू, संकल्प कशासाठी सोडायचा? मुलासाठी, नोकरीसाठी, आजारासाठी, काय म्हणू?"

"महादेवाला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मनातल्या इच्छेसाठी म्हणा आणि पाणी सोडा."

उपासाचं नेहमीचं खाणं तर गव्हाहून महाग झालेलं. साबुदाणा समुद्रापलीकडून यायचा, तो बंदच पडला होता. म्हणून आमचा सोमवार केळ्यांवर चाले. सकाळी पिकली केळी, दुपारी कच्ची उकडून जिरं, मिरची आणि दाण्याचा कूट लावलेली, रात्री वाळवलेल्या केळ्यांच्या पिठाचं थालीपीठ. तिसऱ्या सोमवारी माझे यजमान म्हणाले, शाळेत फळ्यावर पिवळा खडू धरला तरी मळमळतं. मामंजी ताटाकडे बघून सुस्कारा टाकत, आणि त्या सुस्काऱ्यालाही सासूबाई भक्तीत मोजत.

पण मंगळवारी कणगीवर टकटक झाली की सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. आठवड्यातला एक पुरा दिवस गव्हाला हात लागत नव्हता.

गल्लीतल्या बायका आधी कौतुकानं बघायला आल्या. "सगळं घर कडक करतंय! म्हाताऱ्या माणसालाही?" मग त्यांनी बारकाईनं चौकशी केली. मग समोरच्या वैद्यांच्या घरानं पुढच्याच सोमवारी धरले. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी दोन घरांनी. कारण कुणीच कुणाला विचारलं नाही. घराघरांतून एकच उत्तर तयार होतं, की काकूंचं बघून आम्हालाही वाटलं. पितृपक्षापर्यंत गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या चुली सोमवारी केळी उकडत होत्या. कलाबतूचे, म्हणजे जरीच्या तारेचे, व्यापारी हे आमच्यातले श्रीमंत. त्यांनीही धरले, कारण एकट्याच्याच घरातून पोळ्यांचा वास येणं बरं दिसेना.

कार्तिकात घाटावर एक कीर्तनकारबुवा आले. त्यांच्या कानावर हे गेलं असावं. भर कीर्तनात त्यांनी आमच्या गल्लीकडे हात केला आणि म्हणाले, "कलियुगात कैलास कुठं आहे म्हणून विचाराल, तर तो तापीच्या काठी या गल्लीत आहे!" श्रोत्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी पदर सारखा करू लागल्या. माझी मान खाली होती, नम्रतेनं नव्हे. मी एकीच्या जरी तोंडाकडे पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

बाराव्या-तेराव्या सोमवारी व्रताची पोथी वाचताना मी शेवटच्या पानावर आले आणि थांबले. सतराव्या सोमवारी उद्यापन. पाच शेर कणकेचा तूपगूळ घालून चुरमा करायचा, आणि सोळा मेहुणं, म्हणजे सोळा जोडपी, घरी बोलावून जेवू घालायची.

मी ते मोठ्यानं वाचलं. मामंजींनी चष्मा काढला.

"बत्तीस पानं! अगं, चार महिने उपास करून वाचवलं ते एका दुपारी जाईल की."

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत होतं तर धरलेस कशाला?"

"तुम्हीच पेपर वाचून म्हणाला होतात, दिवाळीपर्यंत लढाई संपून राहिली, भाव उतरतील. आता तुमच्या पेपराला विचारा."

मामंजींनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांचा पेपर लढाई दर आठवड्याला संपवीत असे.

त्या रात्री सासूबाईंनी कणगीवर दोनदा टकटक केली. नंतर आठ दिवस हा विषय निघाला नाही. मी एकदा सासूबाईंना भीत भीत म्हटलं, "आत्याबाई, मेहुणं पाच बोलावली तर नाही का चालणार?" तर म्हणाल्या, "गल्लीला कैलास म्हणवून घ्यायचं आणि कैलासात पाच पानं मांडायची?"

सोळावा सोमवार झाला तशी त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला आणि आम्ही आमंत्रणाला निघालो. पहिलं दार वैद्यांचं.

"येत्या सोमवारी आमचं उद्यापन. जोडीनं जेवायला यायचं."

वैद्यीणबाईंनी कुंकू लावून घेतलं आणि मग त्यांचा हात कपाळाशीच थांबला. "अगंबाई! काकू, पण येत्या सोमवारी आमचा सोळावा. आम्ही कसं जेवणार?"

सासूबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हो की. मग फराळाला या."

दुसऱ्या दारी पंधरावा निघाला. तिसऱ्या दारीही पंधरावा. कलाबतूवाल्यांकडे अकरावा. गल्लीच्या टोकाला एक नवं बिऱ्हाड आलं होतं, गिरणीत कामाला असणारा नवरा आणि विशीतली बायको. दसऱ्याला राहायला आली आणि गल्लीची रीत म्हणून त्याच आठवड्यात तिनं सोमवार धरले. तिच्याकडे सातवा निघाला. पाचव्या दारापासून मी पदर तोंडात धरून चालत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. प्रत्येक दारी त्या तितक्याच आश्चर्यानं "हो की" म्हणत आणि तितक्याच आग्रहानं फराळाचं बोलावणं करीत.

त्यांनी हे आधीच ताडलं होतं, की पहिल्या दारी त्यांना उमगलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "महादेवाची करणी." आणि करंडा माझ्या हातून घेऊन पुढं झाल्या.

गुरुजींना हे तितकंसं रुचलं नाही. "काकू, मेहुणांना अन्न पोचायला हवं. केळी म्हणजे..."

"केळी अन्न नाही? सोळा सोमवार मग आम्ही काय खाल्लं?"

चुरमा मात्र सासूबाईंनी पाच शेरांचाच केला, त्यात कसर केली नाही. सोळा जोडपी आली, केळीच्या पानावर केळी जेवली आणि चुरमा मंगळवारी खायला पदरात बांधून घेऊन गेली. आमची कणगी वाचली.

पुढचे सोमवार हे मामंजींच्या उतारवयातले सर्वांत सुखाचे सोमवार. आमचं व्रत सुटलेलं, आणि दर आठवड्याला कुणाचं तरी उद्यापन. वैद्यांकडे जेवणारी मेहुणं दोनच होती, सासूसासरे आणि आम्ही. बाकीच्यांचे उपास. पुढच्या घरी जेवणारी वाढली, त्याच्या पुढच्या घरी आणखी. ज्यानं उशिरा धरले त्याच्याकडे पंगत मोठी, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. मधली घरं कुरकुरत निभावली. पौषात कलाबतूवाल्यांकडे तर एका त्या गिरणीवाल्या जोडप्याखेरीज झाडून सगळी मेहुणं जेवणारी निघाली. मामंजींनी तिथं सातव्या पोळीला "नको" म्हटलं.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी ती गिरणीवाल्याची बायको आमच्याकडे आली. तीळ निवडत बसलेल्या सासूबाईंच्या शेजारी बसली आणि दोन तीळ निवडून रडायला लागली.

"मावशी, आता मी एकटीच उरली ना. माझ्या उद्यापनाला सगळ्यांचं सुटलेलं राहील. बत्तीस माणसं जेवणारी. आमच्याकडे कणगी नाही, डबा आहे. हे पगाराच्या दिवशी भरतात आणि आठ दिवसांत बुड दिसतं."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"ते म्हणतात, सोडून दे. आता कसं सोडू? सोळा होत आले. देवाला काय सांगू, गहू महाग झाला म्हणून?"

हे ऐकून मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिळातला खडा शोधत होत्या.

मला वाटलं त्या कणगीतला गहू देऊ करतील. दिला असता तर माघातच कणगी उघडी पडली असती आणि घुंगरं वाजवत गाडी आमच्या दारी आली असती. त्यांनी खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "रडू नको. तिळात पाणी पडून राहिलं. तुझं उद्यापन होईल."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्याकडे होत्या. ती मुलगीही होती, कोपऱ्यात. तिळगूळ वाटता वाटता सासूबाई सहज म्हणाल्या, "येत्या सोमवारपासून मी पुन्हा सोळा धरतेय. कडक."

"पुन्हा?" कुणीतरी विचारलं. "पण काकू, थंडीत? आणि एक तर आत्ताच..."

वैद्यीणबाईंनी कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं. मग तिळगुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाल्या, "मीही म्हणतच होते, एकदा धरून समाधान झालं नाही."

मग तिसरी बोलली, मग चौथी. कलाबतूवालीनं जरा वेळ घेतला. तिच्याकडे सगळ्यात मोठी पंगत उठली होती आणि आता वसूल करायची तिची पाळी होती. पण सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या. "बरं बाई," ती म्हणाली, "धरून टाकू." ती मुलगी खाली मान घालून बांगडी फिरवत बसली होती. तिच्याशी या बाबतीत कुणी एक शब्दही बोललं नाही.

घरी मामंजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"पुन्हा केळी?" ते म्हणाले. एवढंच. पण त्या संध्याकाळी त्यांनी पेपर उघडला नाही.

माझी खात्री आहे की दुसऱ्या वेळच्या पहिल्या तिन्ही सोमवारी मामंजी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि कुठंतरी चौकात जिलबी खाऊन आले. त्यांच्या मिशांना पाक असे. सासूबाईंनी तो पाहिला नाही, म्हणजे पाहून पाहिला नाही.

माघातल्या त्या सोमवारी आम्ही सगळे गल्लीच्या टोकाच्या त्या दोन खोल्यांत गेलो. जागा पुरेना म्हणून निम्मी पानं ओसरीवर आणि निम्मी शेजारच्या अंगणात. गुरुजींनी तिला बजावलं होतं, की निदान एक तरी मेहुण अन्न जेवलं पाहिजे, नाहीतर मी मंत्र म्हणणार नाही. म्हणून तिनं चुरम्याखेरीज दोन पानांचा स्वयंपाक केला होता. पोळ्या, वरण, वांग्याची भाजी, वाटीभर तूप. कुठलं तूप आणि कसं मिळवलं तिचं तिला ठाऊक. तो वास ओसरीवर आला आणि सोळा जोडप्यांचं बोलणं थांबलं.

ती मामंजींच्या पानासमोर आली. "बाबा, तुम्ही वडील आहात. तुम्ही आणि मावशी जेवा. एक तरी पान झालं पाहिजे. तुम्हाला देव रागावणार नाही."

मी मामंजींकडे पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं नाही. मामंजींची नजर पोळ्यांच्या चवडीवर होती. वाटीतल्या तुपावर होती. मग त्यांनी समोरचं केळं उचललं आणि ते सावकाश सोलायला लागले.

"पोरी," ते म्हणाले, "माझा आज चौथा सोमवार आहे."

तिचे डोळे भरले. तिला वाटलं असावं की आता व्रत अर्धंच राहिलं. गुरुजी हातातलं पळीपात्र खाली ठेवून खाकरले. तेव्हा सासूबाई उठल्या.

"गुरुजी, या दोघांचा सतरावा. म्हणजे यांचं सुटलं की नाही?"

"सुटलं, पण..."

"हे नवराबायको आहेत की नाही?"

गुरुजी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला पाटावर बसवली. तिचा नवरा दाराशी पाण्याची कळशी धरून उभा होता. मामंजींनी त्याच्या हातातून कळशी घेतली आणि त्याला तिच्या शेजारी ढकललं. "बैस रे. काय उभा राहून राहिलास."

"अहो बाबा, घरचं माणूस आधी कसं..."

"बैस."

तो बसला. दोघंही इतकी लाजली होती की एकमेकांकडे बघेनात. वैद्यीणबाईंनी वरण वाढलं. कलाबतूवालीनं हातातल्या पाटल्या वर सारून भाजी वाढली. गुरुजींनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मंत्र सुरू केले. आम्ही उपासाची सोळा जोडपी त्या दोघांभोवती उभी होतो, आणि मामंजी पोळ्यांचं ताट घेऊन वाकले होते.

"बाबा, पुरे, तीन झाल्या," तो मुलगा म्हणाला.

"चवथी नको म्हणायची असते," मामंजी म्हणाले, "पण घ्यायची."

आणि त्यांनी चवथ्या पोळीवर तूप वाढलं.